मृत्यूचे नाव घेणारा

आमच्या घरात ‘मृत्यू’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. बाबा गेले तेव्हाही सगळे ‘देवाघरी गेले’ एवढेच म्हणत राहिले. म्हणून धाकट्या भावाच्या टेबलावर रोगाने झडलेल्या चेहऱ्याचे चित्र असलेली ‘डेथ’ या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका दिसली, तेव्हा मला किळस आली. असले काही करणारा माणूस तरी कोण, या रागानेच मी चक शुल्डिनरचे चरित्र वाचायला घेतले.

चकचा जन्म १३ मे १९६७ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब फ्लोरिडात आले. चक नऊ वर्षांचा असताना सोळा वर्षांचा थोरला भाऊ फ्रँक मोटार अपघातात गेला. मुलाचे मन रमावे म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली.

१९८३ मध्ये त्याने मित्रांसह वाद्यवृंद काढला. १९८४ मध्ये त्याचे नाव ‘डेथ’ ठेवले. १९८७ च्या ‘स्क्रीम ब्लडी गोर’मध्ये भयपटांतली प्रेते आणि रक्तामांसाचा चिखल आहे. तेव्हा चक वीस वर्षांचा होता. पण तो तेथेच थांबला नाही. माझ्या भावाकडची ‘लेप्रसी’ १९८८ ची. तिच्यात यंत्रांच्या आधारे जगवलेल्या रुग्णाचे गाणे आहे. ‘स्पिरिच्युअल हीलिंग’ (१९९०) मध्ये व्यसनी मातेच्या पोटी जन्मलेले मूल येते. १९९१ च्या ‘ह्यूमन’पासून तर नाममुद्रेतला उलटा क्रूसही त्याने काढून टाकला. भीतीची चित्रे मागे पडली, माणसाचे दुःख उरले.

१९९९ मध्ये, नेमके वाढदिवशी, त्याच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. उपचारांचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा इतर कलावंतांनी पैसा उभा केला. १३ डिसेंबर २००१ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी चक गेला.

ते मुखपृष्ठ मला आजही आवडत नाही. परंतु ज्या घरातले मूल गेले, त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाने मृत्यूचेच नाव मोठ्याने घेतले, यात मला आता विकृती दिसत नाही. पुस्तक मिटले त्या रात्री मी भावाच्या खोलीत गेलो. बाबांच्या शेवटच्या दिवसांविषयी आम्ही दोघे प्रथमच बोललो.