पाठीवरचा रुग्ण आणि सावित्रीबाई

औरंगपुऱ्यातून जाताना महात्मा फुले चौकातल्या जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या पुतळ्याकडे नजर जातेच. शिक्षिका म्हणून सावित्रीबाई घराघरांत ठाऊक आहेत. त्यांचे शेवटचे दिवस मात्र प्लेगच्या रुग्णांची सेवा करण्यात गेले, याची चर्चा कमी होते.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात त्यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतर फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवा लोकलाजेस्तव गर्भ पाडण्यासाठी जहाल औषधे घेत, नाहीतर जीव देत. या गृहात त्यांना नाव न सांगता, गुपचूप बाळंत होता येई. १८८४ पर्यंत अशा ३५ स्त्रिया तेथे आल्या, पण मुले जगली अवघी ५. पोटात असतानाच त्या औषधांनी बाकीच्यांचा घात केला होता, असे जोतिरावांनी नोंदवले आहे. सावित्रीबाई या स्त्रियांचे बाळंतपण आपुलकीने करीत. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉ. यशवंत झाला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, त्यानंतर पुण्यात. रोगाचा जिवाणू १८९४ मध्ये सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसांत येतो, हे १८९८ पर्यंत कळलेले नव्हते. हाफकिन यांची लस नुकतीच तयार होत होती. म्हणजे डॉक्टरांच्या हाती उपाय थोडे आणि लोकांच्या मनात भीती फार. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावरच हल्ला केला होता.

अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. रुग्ण येईल तेव्हा बघू, असे सावित्रीबाईंनी म्हटले नाही. वस्त्यांमध्ये जाऊन त्या रुग्णांना घेऊन येत. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग प्लेगने फणफणला होता. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. ज्या मुलाला शिवायला समाज तयार नव्हता, त्याला ६६ वर्षांच्या बाईंनी पाठुंगळी घेतले. तो वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच महिन्यात पुण्यात लष्कराच्या तुकड्या रुग्ण शोधण्यासाठी घरोघर शिरू लागल्या. उद्देश साथ रोखण्याचा होता. पण देवघर, माजघर, बायकांची अब्रू, कशाचीच तमा राहिली नाही. परिणाम असा की लोक आजार लपवू लागले. रुग्ण लपला की साथ वाढते, हे साधे गणित आहे. एकीकडे धाक, दुसरीकडे ओळखीच्या बाईंचा विश्वास. रोग तोच, वागणूक वेगळी.

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत आणि वेळेत दिली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अडचण उरते ती 'वेळेत' या शब्दाची. ताप अंगावर काढणारी शेतमजूर बाई, गर्भपाताबद्दल विचारायला धजत नसलेली मुलगी, पुरुष डॉक्टरपुढे तपासणीला न बसणारी गृहिणी यांना उशीर होतो तो औषधाअभावी नव्हे, संकोचापायी. म्हणूनच २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद यांचे धडे आले आहेत. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुणांचे निरंतर शिक्षणही घ्यावे लागते. त्या तासांमध्ये नव्या औषधांबरोबर रुग्णाची भाषा, चालीरीती आणि भीती समजून घेण्यालाही जागा हवी.

डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांपैकी कोणीही असो, रुग्णाला आधी नाव-गाव, जात विचारायची की दुखणे, हा प्रश्न सावित्रीबाईंनी केव्हाच सोडवून ठेवला आहे.