उत्तरं देणारे गणिताचे सर

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आला की वर्गात खुसखुस सुरू होते. मुलं मुलींकडे बघत नाहीत, मुली वहीत डोकं घालतात. वडगाव असो, कामशेत असो की लोणावळा, सीन साधारण सारखाच! मनातले खरे प्रश्न मनातच राहतात, आणि रात्री मोबाईलवर जे दिसतं तेच उत्तर समजलं जातं. पण दोस्तांनो, जवळपास शंभर वर्षांपूर्वी मराठीत असा एक माणूस होता, जो अशा प्रश्नांना छापून उत्तरं द्यायचा. त्याबद्दल तो कोर्टाची पायरीही चढला. त्याचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों.

जन्म 14 जानेवारी 1882 चा, दापोलीजवळच्या मुरुडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा हा थोरला मुलगा. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी लग्न केलं आणि गावाने घरावर बहिष्कार टाकला. लोक काय म्हणतील, या भीतीची किंमत या मुलाने लहानपणीच बघितली होती.

पोरगा अभ्यासात हुशार निघाला. 1899 च्या मॅट्रिकला पहिला आला, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकला, पुढे पॅरिसला जाऊन गणित शिकून आला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाला. छान चाललं होतं. पण 1921 साली या गणिताच्या सरांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असं केंद्र काढलं, तेही त्याच वर्षी. लागोपाठच्या बाळंतपणांनी बायकांचं शरीर खचतं, मूल कधी आणि किती हे ठरवण्याचा हक्क बाईला हवा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. कॉलेजला हे पटलं नाही. हे काम किंवा नोकरी, एक काहीतरी निवडा, असा पेच आला तेव्हा 1925 मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

पत्नी मालतीबाई या सगळ्यात ठामपणे सोबत होत्या. स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता.

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं यायची. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? समलिंगी आकर्षण म्हणजे रोग का? आजही दहावी-बारावीच्या पोरापोरींच्या डोक्यात असतात, तेच प्रश्न. र. धों. गणित सोडवावं तसं उत्तर द्यायचे: आधी माहिती, मग कारण. पाप-पुण्याची भीती नाही आणि चटकदार चवही नाही.

याचीच शिक्षा झाली. 1931 साली अश्लीलतेच्या आरोपाखाली दंड झाला. 1934 साली तर वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच खटला भरला गेला. तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनातले गैरसमज ज्ञानानेच जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला हरले. दंड 200 रुपये. तरी मासिक बंद पडलं नाही, 1953 मध्ये र. धों. गेले तोवर ते चालू होतं. त्याच्या एकच वर्ष आधी, 1952 मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारलं होतं!

र. धों. मुंबईत, वडिलांची संस्था पुण्याजवळ हिंगण्याला. या दोन्ही शहरांना जोडणारी रेल्वे आपल्या लोणावळ्यावरूनच जाते. पण त्यांचा मोकळेपणा आपल्या स्टेशनवर अजून नीट उतरलेला नाही. 2007 साली राज्यातल्या शाळांमध्ये लैंगिक शिक्षण आणायचं ठरलं, तेव्हाही विरोध झाला आणि ते थांबलं. मोठ्यांना वाटतं, सांगितलं तर पोरं बिघडतील. पण न सांगितल्याने पोरं गप्प बसत नाहीत, चुकीच्या ठिकाणी विचारतात. पहिल्यांदा पाळी आली की घाबरतात, स्वप्नदोषाला आजार समजतात. कुणी नको तिथे हात लावला, तर ते सांगायला शब्दच सापडत नाहीत. असं झालं असेल तर 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर लक्षात ठेवा.

बाकी प्रश्नांसाठी एक विश्वासाचं मोठं माणूस शोधा: आई, मावशी, दादा, शाळेतल्या बाई, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. आणि आईबाबा, सर, बाई, हे पान तुमच्याही हाती पडलं असेल, तर एवढंच करा. पोराने विचारलं की दटावू नका. उत्तर येत नसेल तर बघून सांगतो म्हणा, आणि खरंच सांगा. र. धों.नी नोकरी घालवून, दंड भरून उत्तरं दिली. तुम्हाला कुणी दंड करणार नाही.