सर रॉबर्ट कॉटन : एका हस्तलिखित-संग्राहकाचे चरित्र

‘बिओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याची एकमेव उपलब्ध प्रत अभ्यासकांत ‘व्हिटेलियस ए १५’ या नावाने ओळखली जाते. इंग्रजी काव्याच्या पोथीला रोमन सम्राटाचे नाव कसे मिळाले, याचा उलगडा सर रॉबर्ट कॉटन (१५७१-१६३१) याच्या चरित्रातून होतो.

कॉटनचा जन्म हंटिंग्डनशायरमधील डेंटन येथे झाला. वेस्टमिन्स्टर शाळेत पुराणवस्तुसंशोधक विल्यम कॅम्डेन याचे सान्निध्य त्याला लाभले. १५८५ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून तो पदवीधर झाला. तो ज्या काळात वाढला, तो हस्तलिखितांच्या दृष्टीने आपत्तीनंतरचा काळ होता. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ विसर्जित केले आणि शतकानुशतके जपलेले ग्रंथसंग्रह विखुरले. या विखुरलेल्या वारशाचा शोध घेणे हेच कॉटनचे जीवितकार्य ठरले. लिंडिसफार्न येथील शुभवर्तमानांची सचित्र प्रत, ‘सर गवेन’ काव्याची एकमेव प्रत आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या उपलब्ध चार मूळ प्रतींपैकी दोन त्याच्या संग्रहात होत्या. त्याच्या ग्रंथालयातील कपाटांवर बारा सीझर, क्लिओपात्रा व फॉस्टिना यांचे अर्धपुतळे होते. पुतळ्याचे नाव, फळीचे अक्षर व ग्रंथाचा क्रमांक मिळून हस्तलिखिताची ओळख ठरे. ती पद्धत आजही रूढ आहे.

तथापि त्याच्या संग्राहकवृत्तीचे दोषही नोंदविले पाहिजेत. भिन्न काळांतील स्वतंत्र हस्तलिखिते तो एकाच बांधणीत आणी. त्यामुळे त्यांचा मूळ संदर्भ शोधणे पुढील अभ्यासकांना कठीण झाले. सरकारी दप्तरातील कागद त्याच्याकडे जातात, अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची तक्रार होती. दुसरीकडे, विद्वानांना ग्रंथ देण्यात तो उदार होता. जॉन सेल्डेनसारख्या विधिपंडितांनी त्याच्या संग्रहाचा उपयोग केला.

हेच औदार्य त्याला भोवले. राजा व पार्लमेंट यांच्यातील संघर्षात जुने दस्तऐवज ही राजकीय शस्त्रे बनली होती. १६२९ मध्ये पार्लमेंटला लगाम घालण्याचा उपाय सुचविणारी एक पत्रिका प्रसृत झाली. ती १६१४ मध्ये रॉबर्ट डडलीने लिहिलेली असून तिची नक्कल कॉटनच्या ग्रंथालयातून बाहेर पडली होती. कॉटनला अटक झाली व पहिल्या चार्ल्सच्या आज्ञेने ग्रंथालयाला टाळे लागले. १६३० मध्ये राजपुत्राच्या जन्मानिमित्त खटला मागे घेण्यात आला. ग्रंथालय मात्र त्याला परत मिळाले नाही. ६ मे १६३१ रोजी, आपल्याच ग्रंथांना पारखा झालेल्या अवस्थेत, त्याचा अंत झाला.

पुढे संग्रह कुटुंबाकडे परतला. त्याचा नातू सर जॉन कॉटन याच्यामुळे तो १७०२ च्या सुमारास राष्ट्राच्या मालकीचा झाला. परंतु राष्ट्राने त्याची सुरक्षित व्यवस्था केली नाही. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली. ९५८ हस्तलिखितांपैकी ११४ नष्ट अथवा निरुपयोगी झाली आणि ९८ जखमी झाली, असा अहवाल संसदीय समितीने दिला. ‘माल्डनची लढाई’ या काव्याची पोथी जळाली. आगीपूर्वीच्या नकलेमुळे केवळ संहिता वाचली. ‘बिओवुल्फ’ बचावले, पण त्याच्या पानांच्या कडा झडू लागल्या. १७८७ मध्ये थॉर्केलिनने नकला करवण्यास आरंभ केला, म्हणून आज लुप्त झालेली कित्येक अक्षरे आपणांस ठाऊक आहेत. १७५३ मध्ये हा संग्रह ब्रिटिश म्युझियमचा पाया बनला. १९७३ पासून तो ब्रिटिश लायब्ररीत आहे.

कॉटनने ग्रंथ जमविले नसते तर हे वाङ्मय बहुधा मठांच्या विनाशातच लोपले असते. एका जागी जमविल्यामुळेच ते एकाच आगीच्या तोंडी सापडले, हेही तितकेच खरे. आगीतून जे वाचले त्यात नकला करणाऱ्यांचाही वाटा होता. एका प्रतीवर विसंबलेल्या मराठी पोथ्यांच्या संपादकाने हे विसरू नये.