नटबोल्टला शिस्त लावणारे व्हिटवर्थ

एखादा नट हरवला तर तुम्ही दुकानात जाता, माप सांगता आणि नवा नट आणता. तो बोल्टवर बरोबर बसतो. यात तुम्हाला काही नवल वाटत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी असे होत नव्हते. हे ज्यांच्यामुळे शक्य झाले, त्या जोसेफ व्हिटवर्थ यांची ओळख आज करून घेऊ या.

आधी आटे म्हणजे काय ते समजून घ्या. बोल्टवर गोल गोल चढत गेलेली खाच दिसते ना, तिलाच आटे म्हणतात. पुष्कळ कारागीर त्यांना चुडी म्हणतात. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी कडा आट्यासारखी वर चढताना दिसेल. म्हणजे आटा हा गुंडाळलेला चढच आहे! म्हणून थोड्या जोरात नट घट्ट आवळला जातो आणि घर्षणामुळे तो सहसा आपोआप सुटत नाही. मात्र नट बसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : बोल्टची जाडी, दोन आट्यांमधील अंतर आणि खाचेचा कोन.

जोसेफ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट या गावी झाला. लहानपणीच त्यांची आई वारली आणि घर मोडले. पुढे मामा-काकांच्या आधाराने त्यांना एका सूतगिरणीत काम मिळाले. तेथे ते टिकले असते तर सुखाने राहिले असते. पण त्यांचे मन हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रांत रमे. म्हणून ते मँचेस्टरला गेले आणि साधे कारागीर झाले. १८२५ मध्ये ते लंडनला हेन्री मॉड्स्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यात दाखल झाले. अचूक काम कसे करावे, हे ते तेथे शिकले. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळी प्रत्येक कारखाना आपल्या मनाप्रमाणे आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. एक बोल्ट तुटला तरी यंत्र बंद पडून राही. व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ मध्ये त्यांनी आपली पद्धत इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. खाचेचा कोन ५५ अंश ठरला. पाव इंची बोल्टवर एका इंचात २० आटे, अर्ध्या इंचीवर १२ आणि एक इंचीवर ८, असे त्यांनी ठरवून दिले. आगगाड्यांच्या कारखान्यांनी ही पद्धत स्वीकारली आणि ती ब्रिटनभर व पुढे भारतातही पसरली.

आपल्या जिल्ह्यातील यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 'शकुंतला' गाडी तुम्ही ऐकली असेल. तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरलाच तयार झाले होते. १९९४ मध्ये त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. सत्तर वर्षे चालणाऱ्या इंजिनाचे सुटे भाग वारंवार बदलावे लागतात. मापे ठरलेली नसती तर हे काम किती अवघड झाले असते, याचा विचार करा.

आज आपल्याकडे मिलिमीटरची पद्धत रूढ आहे. तिच्यात खाचेचा कोन ६० अंश असतो. तरी हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाला 'चार सूत' म्हणणारे कारागीर भेटतात. चार सुती बोल्टवर बारा मिलिमीटरचा नट जबरदस्तीने चढवू नका. आटे खराब होतील.

व्हिटवर्थ पुढे फार श्रीमंत झाले. पण गरिबीतले दिवस ते विसरले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी होतकरू तरुणांना यंत्रविद्या शिकता यावी म्हणून वर्षाला शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, सर्वांनी एक माप मानले, तर एकाचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडते. पुढच्या वेळी नट आवळताना हे जरूर आठवा.