आईपणाची सत्त्वपरीक्षा

१९५१ सालच्या जून महिन्यात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर एक लहानसे कुटुंब मुक्कामाला आले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि गाठीला १४ रुपये होते. कुटुंबप्रमुख मुरलीधर देविदास आमटे यांना लोक बाबा म्हणून ओळखू लागले होते. वकिली आणि वरोरा नगरपालिकेतील पद मागे सारून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचे व्रत घेतले होते. त्यांची पत्नी साधना तेव्हा पंचविशीत होती. तिची दोन्ही मुले अगदी लहान होती. थोरला विकास चार वर्षांचाही झालेला नव्हता, तर धाकटा प्रकाश अडीच वर्षांचा होता.

‘आनंदवन’ या नावाने पुढे जगभर ज्ञात झालेल्या वसाहतीचा हा आरंभ. तो सांगताना बाबांच्या धैर्याचा उल्लेख नेहमीच होतो आणि तो उचितही आहे. परंतु त्या माळावर दोन बालकांना घेऊन उतरलेल्या मातेचे धैर्य वेगळ्या जातीचे होते. कुष्ठरोगाचा संसर्ग दीर्घ सहवासातून होतो आणि लहान मुलांना त्याचा धोका अधिक असतो, असे त्या काळचे वैद्यकशास्त्र सांगत होते. रुग्ण मातापित्यांपासून त्यांच्या तान्ह्या मुलांना दूर ठेवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ होती. डॅप्सोन हे औषध नुकतेच वापरात येऊ लागले होते. रोग हमखास बरा करणारी बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली, ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९८१ मध्ये. अशा काळात आपली पोटची पोरे रुग्णांच्या अंगणात खेळवायची, हा निर्णय केवळ पतीच्या मागून चालत जाण्याने निभावणारा नव्हता.

साधनाताईंचा जन्म १९२६ मधला. माहेरचे नाव इंदू घुले. नागपूरच्या या शास्त्री घराण्यात वेदविद्येची परंपरा आणि सोवळ्याओवळ्याचे कडक आचार होते. एका लग्नघरी सारे मंगलकार्यात गुंतले असताना ही मुलगी तेथून हळूच बाहेर पडली आणि कपडे धूत बसलेल्या वृद्ध मोलकरणीच्या मदतीला गेली. संन्याशासारखे राहणाऱ्या बाबांनी ते पाहिले आणि विवाह न करण्याचा आपला निश्चय बदलला. १९४६ च्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. वरोऱ्यातील श्रमाश्रमात दलित कुटुंबांसह एकत्र राहण्याचा प्रयोग या दांपत्याने केला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे पावसात गटारीकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून बाबा भयभीत झाले आणि त्या भयाचीच त्यांना लाज वाटली. त्याच्या सेवेतूनच पुढील कार्याची दिशा ठरली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले. साधनाताईंपाशी वैद्यकाची पदवी नव्हती. त्यांच्या वाट्याला आली ती रोजची शुश्रूषा आणि रोजची चूल.

आनंदवनाचे पहिले दिवस साप-विंचवांच्या सोबतीचे होते. जवळपास पाणी नव्हते. बोटे झडलेल्या हातांनी रुग्णांनी बाबांच्या बरोबरीने खडक फोडून विहीर खणली. स्वयंपाक, गायीचे दूध काढणे, धुणे, आल्यागेल्याची व्यवस्था आणि मुलांचे संगोपन साधनाताईंकडे होते. एका बाजूला आजारी माणसांचे जखमांनी भरलेले देह, दुसऱ्या बाजूला आईचा पदर ओढणारी मुले. कोणत्या क्षणी कोणाकडे आधी वळायचे, हा प्रश्न रोग्यांत वावरणाऱ्या प्रत्येक आईला पडतो. डॉक्टर असलेली आई निदान रुग्णालयाचा उंबरठा ओलांडून घरी परतते. साधनाताईंना असा उंबरठाच नव्हता.

थोड्याच काळात जमिनीने साथ दिली. धान्य आणि भाजीपाला पिकू लागला. पण कुष्ठरोग्यांचे हात लागलेली भाजी आणि दूध घ्यायला वरोऱ्यातील लोक धजावत नसत. बाजाराने नाकारलेले तेच अन्न आमटे कुटुंबाच्या ताटात पडत होते. पुढे १९५४ च्या सुमारास ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी तेथे इमारती बांधल्या आणि रुग्णांसोबत अन्न घेतले. ते पाहून गावकऱ्यांची भीती ओसरू लागली. परक्यांनी येऊन जे दाखवून दिले, ते एक आई आधीपासून रोज करत होती. फक्त त्याकडे पुरावा म्हणून कोणी पाहिले नव्हते.

आनंदवन विस्तारत गेले. अंधांसाठी शाळा निघाली, महाविद्यालय आले, बऱ्या झालेल्या रुग्णांचे संसार उभे राहिले आणि टाकून दिलेल्या मुलांना आसरा मिळाला. वसाहतीतील शेकडो माणसे साधनाताईंना आई मानू लागली. हा मान गौरवाचा असला तरी त्याची किंमतही मोठी होती. सर्वांची आई झालेल्या स्त्रीच्या स्वतःच्या मुलांना तिचा वाटा इतरांबरोबर वाटून घ्यावा लागतो. विकास आणि प्रकाश या वाटणीतच वाढले, नागपूरला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले आणि पुढे दोघेही डॉक्टर झाले.

दुसरी परीक्षा १९७३ मध्ये आली. प्रकाश तेव्हा शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. पत्नी मंदाकिनी भूलतज्ज्ञ होत्या. माडिया गोंडांसाठी काम करण्याचे बाबांचे स्वप्न मुलाने स्वीकारले. ते शिक्षण अपुरे सोडून २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. आनंदवनापासून सुमारे २५० किलोमीटर अंतर, वीज नाही, दूरध्वनी नाही आणि पावसाळ्यात नद्या-नाले भरले की कित्येक महिने वाट बंद. मुलगा आणि सून खुशाल आहेत की नाहीत, हे कळायलाही मार्ग नसे.

हेमलकशात मंदाकिनी यांच्यापुढे तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. मेंदूच्या मलेरियाने ग्रासलेली, भाजलेली, अस्वलाने फाडलेली माणसे दारात येत. आवश्यक साधने नसताना कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया कराव्या लागत. त्याच आवारात दिगंत आणि अनिकेत ही त्यांची मुले वाढली आणि माडिया मुलांसोबत प्रकल्पाच्याच शाळेत शिकली. इतरांच्या मुलांसाठी योग्य असलेली शाळा आपल्या मुलांसाठीही योग्य, हा निवाडा या घरात सासूने आपल्या कृतीने आधीच देऊन ठेवला होता. २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यामागे साधनाताईंनी १९५१ मध्ये पत्करलेली जोखीमही होती.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, १९९० मध्ये, त्यांनी पुन्हा घर सोडले. मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसणेही अशक्य झाले होते; ते उभे तरी राहत किंवा झोपून तरी असत. अशा अवस्थेत ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा साधनाताई मुले, सुना आणि नातवंडे मागे ठेवून त्यांच्याबरोबर गेल्या. आनंदवनातील घरकुलाचा मोह आवरून त्यांनी सुमारे दहा वर्षे तेथे काढली.

‘समिधा’ या आत्मकथनात त्यांनी हा सारा प्रवास साधेपणाने नोंदवला आहे. समिधा म्हणजे यज्ञात अर्पण केलेली काष्ठे. यज्ञाची कीर्ती होते, पण तो पेटता ठेवणाऱ्या काष्ठांची कोणी मोजदाद करत नाही. बाबांचे निधन ९ फेब्रुवारी २००८ रोजी झाले. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईंनीही इहलोकीची यात्रा संपवली.

सेवा आणि संसार यांचा मेळ त्यांनी कसा घातला, असे सहज विचारले जाते. त्यांच्या आयुष्याकडे पाहता तो मेळ कायमचा बसला, असे म्हणता येत नाही. मुलांची काळजी आणि रुग्णांची काळजी या दोन्ही ओढी अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिल्या. कोणतीही एक तोडून मोकळे होण्याची सवलत त्यांनी घेतली नाही. ज्या माळावर आपली बालके आणण्याचे धाडस कोणी केले नसते, तेथे त्यांनी आपली बालके आणली. म्हणूनच तेथील रुग्णांना, आपण कोणाच्या तरी घरात राहतो आहोत, असे वाटू शकले.