पितळेची जीभ, माणसाचा गळा

दिवाळीला नातू पुण्याहून शिरूर कासारला येतो. दोन दिवस सिंदफणेच्या काठाने हिंडतो आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतो. यंदा त्या तिसऱ्या दिवशी त्याने मला मोबाइलवर एक जुनी तबकडी ऐकवली. वॉल्टर वाँडर्ली नावाच्या ब्राझीलच्या वादकाची, १९६६ सालची. या संगीताला बोसा नोव्हा म्हणतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रिओमधल्या तरुणांनी सांबाचा गलका खाली उतरवला आणि हळू आवाजात, मित्रांच्या बैठकीत ऐकावं असं काही निर्माण केलं, ते हे. या तबकडीवर पुढे गाणारं कुणी नाही. सगळा कारभार ऑर्गनचा.

ऐकता ऐकता मला माळ्यावरची पेटी आठवली. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गावच्या भजनात चाळीस वर्षं पेटीवर बसले. एकदा मी त्यांना नुसती पेटी वाजवून दाखवा म्हणून गळ घातली. त्यांनी भाता बंद केला आणि पेटीवर कापड टाकलं. या माणसाला आत्मविश्वास नाही, असं तेव्हा मला वाटलं. पुढे बँकेच्या नोकरीत माझी बदली कोल्हापूरला झाली, तिथे गोविंदराव टेंबे वाचनात आले आणि तात्या मला उशिरा का होईना, उमगले.

गोविंदरावांचा जन्म १८८१चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर म्हणजे तालीम आणि तानपुरा, दोन्हींचं गाव. १८९५च्या सुमारास अल्लादियाखाँ तिथे आले आणि दरबारी गायक झाले. देवल क्लबात गाणाऱ्यांची ये-जा असे. हा मुलगा तिथेच कानाने शिकला. गंडा बांधून कुणाची रीतसर तालीम त्याने घेतली नाही. पेटी तर त्याची त्यानेच हाताखाली घातली.

पेटी हे वाद्य मुळातलं परदेशी. १८४२ साली पॅरिसच्या देबँ याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताच्या भात्याची पेटी प्रचारात आणली. आत पितळेच्या पातळ जिभा असतात. पट्टी दाबली की वारा जिभेवरून जातो आणि ती थरथरते. आमच्या गावाच्या नावातच कासार आहेत, तेव्हा पितळ बोलतं याचं नवल आम्हाला नसावं. पण ही जीभ एकच सूर जाणते. एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळत जायचं, म्हणजे मींड घ्यायची, ते तिला जमत नाही. गळा उतरणीच्या वाटेने चालतो, पेटी पायऱ्यांनी उतरते.

आणि गोविंदरावांनी नेमका हट्ट धरला तो पेटीने गळ्यासारखं गायचा. त्यांनी भास्करबुवा बखल्यांची साथ केली. भास्करबुवांनाच ते गुरू मानत. बुवांच्या तानेमागे सावलीसारखं जायचं, पण सावली पुढे पडू द्यायची नाही, ही साथीची शिस्त. एकट्याने वाजवायला बसले की ते अख्खी गायकी पेटीतून काढू पाहत. दुय्यम समजली जाणारी ही लाकडी पेटी बैठकीच्या मध्यभागी आणणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेतलं.

१९११ साली किर्लोस्कर मंडळींनी खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगमंचावर आणलं. तोवर बहुतेक नाटककारच ठाऊक असलेल्या चालींवर पदं बसवत. ‘मानापमाना’च्या चाली गोविंदरावांनी दिल्या. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचं वळण त्यांनी मराठी पदांना दिलं आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून ते घराघरांत गेलं. जे पेटीला करता येत नव्हतं, ती मींड, ती लाडिक मुरड, ती त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात ठेवली. माझ्या मते त्यांच्या आयुष्याची किल्ली इथे आहे.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव असे तिघे भागीदार. त्याच वर्षीच्या ‘विद्याहरणा’च्या चालीही त्यांच्याच. पण भागीदारी फार दिवस चालली नाही. बँकेत मी भागीदारीची पुष्कळ खाती पाहिली. खातं उघडताना सगळे हसत सह्या करतात, बंद करताना एकेकटे येतात. गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. तिथे ते मालक होते, नट होते, गाणारेही होते. आज ‘मानापमाना’च्या चाली लोकांच्या ओठांवर आहेत, ‘शिवराज’ मात्र अभ्यासकांपुरती उरली.

पन्नाशीला आल्यावर माणूस निवृत्तीचा हिशेब मांडू लागतो. गोविंदराव त्या वयात सिनेमात गेले. १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने मराठीतला पहिला बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. दिग्दर्शक शांताराम, तारामती दुर्गा खोटे. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदरावांची आणि संगीतही त्यांचंच. चित्राला नुकतीच वाचा फुटली होती, ती मराठीत गाऊ लागली ती याच पेटीवाल्याच्या चालींनी.

पण जी गोष्ट मला हलवून गेली ती वेगळीच. गोविंदरावांनी आयुष्याच्या एका टप्प्यावर एकट्याने पेटी वाजवणं सोडलं. हात थकले म्हणून नव्हे. ज्या गायकीवर त्यांचा जीव होता ती या वाद्यात पुरी मावत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. पेटीला नावं ठेवणारे पुष्कळ होते. १९४० साली तर रेडिओने तिच्यावर बंदीच घातली, ती सैल व्हायला तीस वर्षं लागली. परक्याने दोष काढणं सोपं असतं. ज्या वाद्याने आपल्याला नाव दिलं त्याची उणीव त्याच्याच उस्तादाने ओळखायची आणि त्याच्यावरची माया तरीही कमी होऊ द्यायची नाही, याला मोठं मन लागतं.

मग त्यांनी लेखणी धरली. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तकं, शिवाय अल्लादियाखाँचं चरित्र. इथेही पुन्हा साथच. स्वतःबद्दल लिहितानासुद्धा ते ऐकलेल्या गवयांना पुढे बसवतात. त्यांच्या पानांतून ज्या मैफली आपल्याला ऐकू येतात, त्यांतल्या कितीतरींची ध्वनिमुद्रणं नाहीत. १९५५च्या ऑक्टोबरात गोविंदराव गेले.

नातवाने ऐकवलेल्या त्या ऑर्गनचं मला काय आवडलं, ते आता सांगता येईल. तो गळ्याची नक्कल करत नाही. सूर तोडून तोडून, पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसा वाजतो. पायऱ्यांनीच उतरायचं आहे ना, मग पायऱ्यांवर नाचू या, असं त्याचं म्हणणं. वाँडर्लीने वाद्याची मर्यादा हीच वाट केली. गोविंदरावांच्या कानात अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा बसले होते, त्यांना ती वाट परवडणारी नव्हती. त्यांनी मर्यादा ओळखली आणि उरलेलं गाणं दुसऱ्याच्या गळ्यात ओतलं. दोघेही आपापल्या जागी खरे.

तात्यांची पेटी विकून टाकावी, असं घरात दोन-तीनदा निघालं होतं. भजनात आता विजेवरचा कीबोर्ड असतो, हिचा उपयोग काय, हा प्रश्नही चुकीचा नाही. परवा नातवाकडून ती खाली काढून घेतली, धूळ पुसली. मधल्या सप्तकातला पंचम बोलत नाही, बाकी सूर अजून साफ आहेत. ती विकायची नाही, असं मी सांगून टाकलं आहे. पंचम दुरुस्त करून आणायचा आणि पेटी देवळातल्या भजनी मंडळाला द्यायची. गाणारे तिथे आहेत.