विल्यम बेव्हरिज

विल्यम हेन्री बेव्हरिज (जन्म : रंगपूर, बंगाल प्रांत, ५ मार्च १८७९, मृत्यू : ऑक्सफर्ड, १६ मार्च १९६३) हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ, प्रशासक आणि समाजसुधारक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी तयार केलेल्या अहवालावर ब्रिटनची सामाजिक सुरक्षेची व्यवस्था उभी राहिली. लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढत असताना निवृत्तिवेतनाचा भार समाजाने कसा पेलावा, या प्रश्नाची या अहवालात तपशीलवार मांडणी आहे.

बालपण आणि शिक्षण

त्यांचे वडील हेन्री बेव्हरिज हे भारतातील सनदी सेवेत न्यायाधीश होते. त्यांनी अकबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर केले. आई ॲनेट यांनी बाबरनामा आणि गुलबदन बेगमचा हुमायूननामा इंग्रजीत आणला. विल्यम यांचे शिक्षण इंग्लंडमधील चार्टरहाऊस शाळेत व ऑक्सफर्डच्या बॅलिऑल महाविद्यालयात झाले.

कारकीर्द

१९०३ मध्ये ते पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील टॉयन्बी हॉल या सेवाकेंद्रात उपप्रमुख म्हणून रुजू झाले. तेथे त्यांना बेकारीचा प्रश्न जवळून पाहायला मिळाला. त्यानंतर काही काळ ते मॉर्निंग पोस्ट या दैनिकात अग्रलेख लिहीत. १९०७ मध्ये त्यांनी जर्मनीला जाऊन तेथील सामाजिक विम्याचा अभ्यास केला. जर्मनीत वार्धक्यविम्याचा कायदा १८८९ मध्येच झाला होता. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळू लागले. मात्र त्यासाठी मिळकतीची तपासणी होत असे. त्याच वर्षी विन्स्टन चर्चिल यांच्या व्यापार खात्यात बेव्हरिज यांची नेमणूक झाली आणि सेवायोजन कार्यालयांची देशव्यापी यंत्रणा त्यांनी उभारली.

१९१९ ते १९३७ या काळात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच काळात त्या संस्थेतून १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या मिळवल्या. १९३७ मध्ये बेव्हरिज ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी महाविद्यालयाचे प्रमुख झाले.

बेव्हरिज अहवाल

जून १९४१ मध्ये सामाजिक विम्याच्या विखुरलेल्या योजनांची पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. डिसेंबर १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालावर त्यांची एकट्याचीच सही होती. दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्त्या आणि बेकारी हे समाजाचे पाच महाशत्रू त्यात सांगितले होते. प्रत्येकाने समान वर्गणी भरावी व अडचणीच्या काळात प्रत्येकाला निर्वाहापुरती समान रक्कम हक्काने मिळावी, हे योजनेचे मुख्य सूत्र होते. अहवाल व त्याची संक्षिप्त आवृत्ती मिळून सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

वार्धक्याचा प्रश्न

जन्मदर घटत होता आणि आयुर्मान वाढत होते. १९०१ मध्ये निवृत्तीच्या वयाचे लोक ब्रिटनच्या लोकसंख्येत सुमारे सहा टक्के होते. १९७१ पर्यंत हे प्रमाण एक-पंचमांशाच्या आसपास जाईल, असा अहवालाचा अंदाज होता. त्यामुळे योजनेतील सर्वांत मोठा व सतत वाढणारा खर्च वृद्धांवरचा असेल, हे बेव्हरिज यांनी ओळखले.

त्यावर त्यांनी तीन उपाय सुचवले. पहिला उपाय म्हणजे निवृत्तिवेतन केवळ वयावर न देता काम सोडल्यावर द्यावे. पुरुषांसाठी ६५ व स्त्रियांसाठी ६० ही किमान वये होती. त्यापुढेही काम करत राहणाऱ्याला नंतर वाढीव वेतन मिळणार होते. दुसरा उपाय म्हणजे पूर्ण दर एकदम लागू न करता वीस वर्षांत गाठावा. सुरुवातीला एकट्या व्यक्तीस आठवड्याला १४ व दांपत्यास २५ शिलिंग देऊन ते अनुक्रमे २४ व ४० पर्यंत न्यावेत, असा प्रस्ताव होता. सुरुवातीच्या वर्षांत सरकारी तिजोरीवरचा जादा भार मर्यादित ठेवण्याबाबत जॉन मेनार्ड केन्स यांच्याशी झालेल्या चर्चेशीही ही सावधगिरी निगडित होती. तिसरा उपाय कुटुंबभत्त्याचा होता. मुलांच्या पालनपोषणाला समाजाने हातभार लावल्यास जन्मदर सावरण्यास मदत होईल, असे त्यांना वाटे.

अंमलबजावणी आणि टीका

कुटुंबभत्त्याचा कायदा १९४५ मध्ये झाला. मजूर पक्षाच्या सरकारने १९४६ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने योजनेचा मोठा भाग स्वीकारला, परंतु वीस वर्षांचा टप्पा नाकारला. युद्धातून गेलेल्या वृद्धांना थांबा म्हणणे शक्य नव्हते. ऑक्टोबर १९४६ पासूनच एकट्यास २६ व दांपत्यास ४२ शिलिंग मिळू लागले. परिणामी, पुरेसा निधी साठण्यापूर्वीच वेतने सुरू झाली आणि आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना वेतन देण्याची पद्धत रूढ झाली. महागाईमुळे ही रक्कमही निर्वाहाला अपुरी पडे. अनेक वृद्धांना मिळकतीची तपासणी करून दिल्या जाणाऱ्या साहाय्याचा आधार घ्यावा लागला. ही तपासणी टळावी हाच तर बेव्हरिज यांचा हेतू होता.

विवाहित स्त्रीला पतीवर अवलंबून मानल्याबद्दल योजनेवर टीका झाली. कमी वर्गणीची सवलत घेणाऱ्या विवाहित स्त्रियांना उतारवयात स्वतःच्या नावावर पूर्ण निवृत्तिवेतन मिळत नसे.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९४४ मध्ये ते उदारमतवादी पक्षाचे खासदार झाले. १९४५ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९४६ मध्ये त्यांना उमराव सभागृहात स्थान मिळाले. १९४८ च्या स्वयंसेवी कार्यावरील ग्रंथात त्यांनी वृद्धांच्या गरजांचाही विचार केला. केवळ पैशाने त्या भागत नाहीत, अशी त्यांची धारणा होती.

काम सोडण्याची अट ब्रिटनने १९८९ मध्ये रद्द केली. २०२० पर्यंत स्त्री-पुरुष दोघांसाठी निवृत्तिवेतनाचे वय ६६ झाले. वेतन किती, कोणत्या वयापासून आणि कोणाच्या वर्गणीतून द्यावे, हे बेव्हरिज यांच्यापुढचे प्रश्न आयुर्मान वाढलेल्या सर्वच देशांपुढे आज उभे आहेत.